काडतुसाच्या बुडातली ठिणगी

बंदुकीच्या आधुनिक काडतुसाचे चार घटक असतात : पितळेची, किंवा छर्ऱ्यांच्या काडतुसाच्या बाबतीत प्लॅस्टिकची वा जाड कागदाची पुंगळी, तिच्या पोटातली दारू, पुढच्या तोंडाशी बसवलेली गोळी किंवा आत भरलेले छर्रे, आणि पुंगळीच्या बुडात, बरोबर मध्यभागी घट्ट बसवलेली धातूची लहानशी वाटी, जिला प्रायमर असे म्हणतात. गोळी आणि पुंगळी यांत स्फोटक काही नसते आणि दारूलाही पेटण्यासाठी बाहेरून आग मिळावी लागते. प्रायमर मात्र केवळ आघाताने पेटावा म्हणूनच बनवलेला असतो. रायफल आणि पिस्तुलाच्या प्रायमरची दोन मापे जगभर रूढ आहेत, लहान 4.45 मिलिमीटर व्यासाचे आणि मोठे 5.33 मिलिमीटरचे, म्हणजे मसुराच्या दाण्याच्या आसपासचे. या वाटीच्या तळाशी अतिसंवेदनशील स्फोटकाचा पातळ थर असतो, त्याचे वजन ग्रॅमच्या काही शतांशांइतकेच भरते आणि त्या थरावर धातूचा एक टोकदार तुकडा बसवलेला असतो, ज्याला ऐरण म्हणतात. चाप ओढला की बंदुकीतली पिन वाटीच्या पाठीवर आदळते, स्फोटकाचा थर वाटी आणि ऐरण यांच्यामध्ये चिरडला जातो आणि त्यातून निघालेली ज्वाला पुंगळीच्या बुडातल्या भोकातून आत शिरून दारू पेटवते.

अशा वस्तूकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. पिन आदळली की ती दर वेळी पेटलीच पाहिजे आणि पिन आदळेपर्यंत, मग वाटेत काहीही होवो, ती पेटता कामा नये. काडतूस तयार झाल्यावर पितळेच्या कवचात बसलेला प्रायमर बऱ्यापैकी सुरक्षित असतो, कारखान्याच्या खोक्यातही तो सुरक्षित असतो. धोका असतो तो या दोहोंच्या मधल्या प्रवासात, म्हणजे सुटे प्रायमर खोक्यातून काढून एकामागून एक पुंगळीच्या खाचेपर्यंत नेऊन दाबून बसवण्याच्या टप्प्यात. परदेशात घरच्या घरी काडतुसे पुन्हा भरणारे लोक ज्याला प्रायमरचा पुरवठा म्हणतात तो हाच टप्पा, आणि बंदुकीचा इतिहास पाहिला तर पेटवणारा पदार्थ दारूपर्यंत वेळेवर, कोरडा आणि एकटा कसा पोहोचवायचा, हा प्रश्न प्रत्येक काळात नव्या रूपाने पुढे आलेला दिसतो. त्यातला ‘कोरडा’ हा भाग एकोणिसाव्या शतकात बराचसा सुटला; ‘एकटा’ हा भाग मात्र अजूनही माणसाच्या शिस्तीवरच अवलंबून आहे.

मराठ्यांच्या काळातील तोडेदार बंदुकीत हे काम रंजक करीत असे. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असे, त्याला कान म्हणत. कानाजवळच्या छोट्या पेल्यात अगदी बारीक दळलेली दारू, म्हणजे रंजक, घातली जाई आणि चाप ओढल्यावर धुमसता तोडा, ज्याला जामगी असेही नाव होते, तिच्यावर टेकला की ती भडकून कानावाटे नळीतली मुख्य दारू पेटवी. या रचनेत सुरक्षितता फार थोडी होती, कारण प्रत्येक शिपायाच्या हातात जळता दोर आणि कमरेला दारूचे शिंगडे एकाच वेळी असे. विश्वासार्हता तर हवामानावर सोडलेली होती. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर असलेल्या राक्षसभुवन येथे 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशवे आणि निजाम यांच्यात जी लढाई झाली ती ऐन पावसाळ्यातली होती. निजामाचे अर्धे सैन्य नदी उतरून पलीकडे गेले होते, उरलेले अर्धे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली अलीकडे होते आणि पेशव्यांनी नेमकी हीच वेळ साधली; विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या तीरावरून निजामाला त्याला मदत करता आली नाही. अशा मोसमात तोडा विझणे आणि रंजक दमट होणे या गोष्टी प्रत्येक सेनापतीला गृहीत धरूनच चालावे लागे, आणि भाला, तलवार व घोडा यांचे महत्त्व दख्खनेत इतके दिवस टिकून राहिले त्याची जी अनेक कारणे देता येतात त्यांत या ओल्या रंजकालाही जागा द्यायला हवी.

युरोपीय कवायती पलटणींबरोबर चकमकीची बंदूक आली तेव्हा जळत्या दोराची कटकट संपली, पण उघड्या पेल्यातले रंजक तसेच राहिले. फरक इतकाच की ते आता गारगोटी आणि पोलाद यांच्या घर्षणातून उडणाऱ्या ठिणगीने पेटू लागले. ही पद्धत किती बेभरवशाची होती हे ब्रिटिश सैन्याने 1834 मध्ये वूलिच येथे मोजून पाहिले. चकमकीच्या आणि नव्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीच्या बंदुकांतून प्रत्येकी सहा हजार बार काढण्यात आले तेव्हा चकमकीच्या बंदुका 922 वेळा फुसक्या ठरल्या आणि टोपीच्या बंदुका केवळ 36 वेळा. प्रत्यक्ष रणांगणावरचा धडा यानंतर सात वर्षांनी मिळाला, आणि तो भारतीय शिपायांच्या वाट्याला आला. 1841 च्या मे महिन्यात कँटनजवळ, पहिल्या अफू-युद्धात, मद्रास फौजेच्या 37 व्या पलटणीची एक कंपनी मुसळधार पावसात मुख्य तुकडीपासून तुटली; रंजक भिजल्यामुळे शिपायांच्या चकमकीच्या बंदुका चालेनात आणि भालेबर्च्या घेऊन आलेल्या जमावाला त्यांना केवळ संगिनींनी थोपवून धरावे लागले. शेवटी त्यांना सोडवायला आलेल्या नौसैनिकांच्या हातात टोपीच्या बंदुका होत्या आणि त्या त्याच पावसात चालल्या.

ही टोपी ज्या पदार्थामुळे शक्य झाली तो पाऱ्याचा फल्मिनेट होय. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1800 मध्ये त्याचे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि ते संशोधन करताना तो स्वतः जखमीही झाला. नुसत्या ठोक्याने पेटणाऱ्या अशा पदार्थांचा बंदुकीसाठी उपयोग करून घेण्याचे श्रेय ॲबर्डीनजवळच्या एका खेड्यातील पाद्री अलेक्झांडर फोरसिथ याला जाते. त्याला पाखरांच्या शिकारीचा नाद होता आणि चकमकीच्या पेल्यातला भडका पाहून पाखरे छर्रे पोहोचण्याआधीच उडून जातात, ही त्याची तक्रार होती. 1807 मध्ये त्याने ज्या कळीचे पेटंट घेतले तिच्यात अत्तराच्या कुपीसारखी दिसणारी एक फिरती डबी होती. ती एका बाजूला फिरवली की ठोकळ्याखाली एका बारापुरती स्फोटकाची चिमूट पडे आणि परत फिरवली की घोडा तिच्यावर आदळायला मोकळा होई. आघाताने पेटणाऱ्या पदार्थाचा आपोआप पुरवठा करणारे हे बहुधा पहिलेच यंत्र. त्याची कल्पकता मान्य करूनही त्यातला दोष लपत नाही : पुढच्या अनेक बारांचे सुटे स्फोटक जिथे ठोका पडणार त्या जागेपासून बोटभर अंतरावर साठवलेले होते.

त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तांब्याच्या टोपीने या दोषावर उपाय काढला. तिचे जनकत्व अनेकांनी आपल्याकडे घेतले आहे आणि त्या वादात इथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की आता प्रत्येक बाराचे स्फोटक स्वतंत्र धातूच्या वाटीत बंद झाले, ओलाव्यापासून वाचले आणि दुसऱ्या बाराच्या स्फोटकापासून वेगळे झाले. 1857 मध्ये ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून वणवा पेटला तिचीही हीच पद्धत होती. चरबीच्या कागदाबद्दल इतके लिहिले गेले आहे की त्या कवायतीतल्या शेवटच्या हालचालीकडे सहसा लक्ष जात नाही : कागद दाताने फाडून, दारू नळीत ओतून, गोळी गजाने ठासून झाल्यावर शिपाई कमरपट्ट्यावरच्या छोट्या कातडी बटव्यात बोटे घालून एक टोपी उचली आणि नळीच्या मागच्या पोकळ बोंडीवर बसवी. लढाईच्या धांदलीत, घामेजल्या किंवा गारठलेल्या बोटांनी मटाराएवढी टोपी पकडणे हे सोपे काम नव्हते. टोप्या हातून पडत, उलट्या धरल्या जात, अर्धवट बसत. पुरवठ्याचे यंत्र म्हणजे इथे माणसाची दोन बोटेच होती.

बोटांची ही अडचण दूर करण्यासाठी वॉशिंग्टनच्या एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याने 1845 मध्ये जी युक्ती काढली ती मराठी वाचकाला सांगून समजवावी लागत नाही, कारण दिवाळीत टिकल्यांच्या बंदुकीत लाल कागदाचा रोल घालणाऱ्या प्रत्येक मुलाने ती हाताळलेली असते. कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये ठरावीक अंतरावर स्फोटकाच्या टिकल्या बंद करून ती पट्टी बंदुकीच्या कुशीत गुंडाळून ठेवायची आणि घोडा मागे ओढला की एक टिकली पुढे सरकून बोंडीवर यावी, अशी ती रचना होती. अमेरिकी सैन्याने ती 1855 च्या आपल्या रायफलीत स्वीकारली आणि 1861 च्या नमुन्यातून काढूनही टाकली. लाखेचे लुकण दिलेला असला तरी कागद दमट हवेत नरम पडे, पट्टी अडके, टिकली ठोक्याच्या जागेच्या किंचित मागेपुढे थांबे. दिवाळीतल्या रोलचेही नेमके हेच होते, एवढेच की तिथे त्याची किंमत मुलाच्या हिरमोडापलीकडे जात नाही. पुरवठा वेगवान करायचा तर तो अचूकही करावा लागतो, आणि अचूकता गेली की वेगाचा काही उपयोग नसतो, हे सैन्याला अशा रीतीने कळले.

1866 हे वर्ष या कहाणीत दोनदा येते. वूलिचच्या शाही प्रयोगशाळेतील एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याने आणि अमेरिकेतील हायरम बर्डन याने, दोघांनीही त्या वर्षी पुंगळीच्या बुडात बसणारे प्रायमर पुढे आणले. बॉक्सरच्या रचनेत ऐरण प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीच्या बुडात मधोमध एकच भोक असते. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीच्याच पितळेतून वर उठवलेली असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक भोके असतात. पुढे उलट घडले ते असे की इंग्रजाची रचना अमेरिकेत घरोघरी गेली आणि अमेरिकनाची रचना जगातल्या बहुतेक सैन्यांनी उचलली. घरी काडतूस पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला त्याचे एक कारण या मधल्या एका भोकात आहे, कारण त्यातून सरळ एक सुई खाली दाबली की वापरलेला प्रायमर बाहेर पडतो. बर्डनच्या पुंगळीत मधोमध ऐरण असल्यामुळे सुईला वाटच नसते.

पुण्याजवळ खडकी येथे 1869 मध्ये सुरू झालेला दारूगोळा कारखाना याच नव्या काडतुसांच्या युगातला. तिथे बनलेल्या .303 रायफलीच्या पुंगळीच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे ठोकलेली असतात. जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे 1964 मध्ये उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या पुंगळीवर ‘ओएफव्ही’ असे असते. रिकामी पुंगळी उलटी धरून पाहिली तर अक्षरांच्या वर्तुळामध्ये प्रायमरची गोल पाठ आणि तिच्यावर पिनेने पाडलेला खळगा दिसतो. खळगा उथळ असेल किंवा एका बाजूला गेलेला असेल तर बंदुकीच्या स्प्रिंगमध्ये किंवा पिनेत दोष असण्याची शक्यता असते, आणि प्रायमरच्या कडेने काळी जळकट रेघ असेल तर तो खाचेत सैल बसला होता व वायू गळला, असे समजतात. न्यायसहायक तज्ज्ञ कोणत्या बंदुकीतून गोळी सुटली हे ठरवताना या एवढ्याशा चकतीवरही भिंग धरतात.

खेळातले सगळेच नेमबाज काडतुसे पुन्हा भरून वापरू शकतात हा गैरसमज इथेच दूर केलेला बरा. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेजस्विनी सावंत हिने 2010 मध्ये म्युनिक येथे याच अंतरावर जगज्जेतेपद मिळवले. पण या प्रकारात वापरले जाणारे .22 चे काडतूस पुन्हा भरता येत नाही. त्याला स्वतंत्र प्रायमर नसतोच. स्फोटक पुंगळीच्या दुमडलेल्या काठात फिरवून भरलेले असते आणि पिन त्या काठालाच चिरडते. काठ एकदा चेपला की पुंगळी निरुपयोगी होते. त्यामुळे पुनर्भरणाचा विषय केवळ मध्यभागी प्रायमर असलेल्या मोठ्या काडतुसांपुरता उरतो.

ज्या देशांत कायद्याने ते चालते तिथे लोक हा उद्योग खर्च वाचवण्यासाठी आणि आपल्या एका विशिष्ट रायफलीला जुळणारा अचूक भार मिळवण्यासाठी करतात. सर्वांत सावकाश पद्धतीत हाताच्या पकडीत मावणारे साधन असते. त्याच्या बशीत शंभरएक प्रायमर पसरतात, बशीला बारीक वर्तुळाकार खाचा असल्यामुळे ती आडवी हलकेच हलवली की सगळे प्रायमर एकाच तोंडाने पडतात आणि मग मूठ दाबली की एकेक प्रायमर पुंगळीत बसतो. बसताना लागणारा जोर तळहाताला जाणवतो, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. वेगवान यंत्रात एकाच दांड्याच्या फेऱ्यात पाच कामे होतात आणि प्रायमर शंभराच्या उभ्या नळीतून गुरुत्वाने खाली उतरून एका सरकपट्टीवर येतात. जाणत्यांना सगळ्यांत जास्त काळजी या नळीची वाटते. एकावर एक रचलेल्या शंभर प्रायमरांपैकी खालचा एक चिरडून उडाला तर त्याचा दाब आणि ज्वाला वरच्याला पेटवतात, तो त्याच्या वरच्याला, आणि सगळी रांग एका झटक्यात उडते. म्हणून चांगल्या यंत्रात ती नळी जाड पोलादी आवरणात ठेवलेली असते, जेणेकरून स्फोट झाला तर तो बाजूला न फुटता वर निघून जावा, आणि नळीच्या तोंडावर वाकून पाहायचे नाही हा नियम त्याला जोडूनच येतो. मेनार्डच्या पट्टीची आठवण करून देणारी एक पद्धतही निघाली आहे : प्लॅस्टिकच्या पट्टीत पंचवीस प्रायमर एकमेकांपासून सुटे बसवलेले असतात आणि पट्टी एकेक घर पुढे सरकते. ती महाग पडते, सावकाश चालते, पण प्रायमरला प्रायमर टेकत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तीच रचना सर्वांत समंजस म्हणावी लागेल.

पुरवठा अडकला की माणूस चुकतो. यंत्राचा दांडा नेहमीच्या जागी खाली बसला नाही, तर अनुभवी माणूस हात काढून घेतो आणि नवखा माणूस जोर लावतो. प्रायमरच्या बहुतेक घरगुती स्फोटांच्या मुळाशी हा लावलेला जोर असतो. अडकण्याची कारणे सहसा क्षुल्लक असतात. सांडलेला दारूचा एक कण सरकपट्टीखाली जातो, एखादा प्रायमर आडवा होतो, एखादा उलटा पडतो. लष्करी पुंगळ्यांमध्ये तर प्रायमर हलू नये म्हणून खाचेचा काठ आतल्या बाजूला ठोकून दाबलेला असतो. तो दाब आधी मोकळा केला नाही तर नवा प्रायमर आत न जाता काठावरच चेपतो. अशा वेळी दांडा सोडायचा, वरचे प्रायमर आधी काढून दूर ठेवायचे, मग अडथळा पाहायचा, हा क्रम कधीही बदलायचा नसतो, आणि या सर्व काळात डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा असणे अपरिहार्य मानले जाते, कारण उडालेल्या प्रायमरची ऐरण छोट्या छर्ऱ्यासारखी सुटते.

बसवण्याची खोलीही मोजावी लागते. प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका आत असावा लागतो. बोट फिरवले तर कडेला किंचित खळगा लागला पाहिजे. तो वर राहिला तर दोन विरुद्ध प्रकारची संकटे संभवतात. कधी पिनेचा पहिला ठोका त्याला नुसता आत ढकलण्यात खर्ची पडतो आणि बार फुसका जातो. कधी, स्वयंचलित बंदुकीत, वेगाने मिटणारा खटकाच त्याच्यावर आदळतो आणि चाप न ओढताच गोळी सुटते. वर राहिलेला प्रायमर दारू भरलेल्या काडतुसात पुन्हा दाबायचा नसतो, ते काडतूस बाजूलाच टाकायचे असते. बार फुसका गेला तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबण्याचा नियमही याच अनिश्चिततेतून आला आहे, कारण मंद पेटलेला प्रायमर दारूला उशिरा आग देऊ शकतो.

अडलेला पुरवठा आणि चुकलेली खोली यांच्यानंतरचा तिसरा शत्रू, स्थिर वीज, डोळ्यांना दिसत नाही. विसाव्या शतकात पाऱ्याचा फल्मिनेट मागे पडला. पोटॅशियम क्लोरेटची मिश्रणे आली, पण त्यांच्या जळण्यातून नळीत मिठासारखा, ओल शोषणारा क्षार उरे, म्हणून .303 चे शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत. 1920 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेड स्टिफनेटवर आधारलेले, गंज न चढवणारे प्रायमर बाजारात आले आणि आज बहुतेक व्यापारी प्रायमर त्याच घराण्यातले आहेत. हा पदार्थ कोरडा असताना स्थिर विजेच्या ठिणगीला फार हळवा असतो. कारखान्यांत तो ओल्या अवस्थेतच वाट्यांमध्ये भरतात, वीज जमिनीत उतरवणाऱ्या फरशीवर उभे राहून आणि कृत्रिम धाग्याचे कपडे वर्ज्य करून काम करतात. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात मार्च ते मे या काळात हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज येतो. तोच भार प्लॅस्टिकच्या नळीवर आणि बशीवरही साठतो. प्रायमर खोक्यातून खोक्यात हलताना घासून बारीक धूळ सोडतात, ती नळीच्या आतल्या बाजूला चिकटते, आणि ही धूळच एका प्रायमरची आग दुसऱ्याकडे नेणारा पूल बनते, म्हणून नळी आणि बशी ओल्या कापडाने वेळोवेळी पुसणे हा सुरक्षेचा भाग आहे. या धुळीत शिसे असते; काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणे-पिणे नाही आणि लहान मुलांना त्या खोलीत प्रवेश नाही, हा नियम इतर नियमांइतका धाडसी वाटत नसला तरी तितकाच महत्त्वाचा आहे.

प्रायमरच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात जो वर्ग सहसा मिळतो तो 1.4 एस, म्हणजे स्फोट झाला तरी त्याचा परिणाम खोक्याबाहेर फारसा जाणार नाही असा माल. हा वर्ग प्रायमरला मिळालेला नसून त्याच्या खोक्याला मिळालेला आहे. कारखाना प्रत्येक प्रायमर वेगळ्या घरात ठेवतो, काही उत्पादक तर ते कडेवर उभे करून मुद्दाम विरळ रचतात, आणि म्हणून एक उडाला तरी शेजारचा शांत राहतो. तेच हजार प्रायमर जागा वाचवण्यासाठी काचेच्या बरणीत ओतले की तो माल 1.4 एस राहत नाही, तो काचेच्या कवचाचा हातबॉम्ब होतो. अमेरिकेतील अग्निसुरक्षा मानकात घरात दहा हजारांपेक्षा अधिक प्रायमर ठेवू नयेत असे सांगितले आहे, पण त्या आकड्याइतकेच ते मूळ वेष्टनात असले पाहिजेत ही अटही तिथे महत्त्वाची आहे.

भारतात हा सगळा उद्योग घरच्या टेबलावर येऊ शकत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे केवळ भरलेली काडतुसे नव्हेत. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा त्याच शब्दात मोडते. परिणामी प्रायमरचे पाकीट किंवा पुनर्भरणाचे यंत्र परवान्याशिवाय बाळगणे हेही काडतूस बाळगण्याच्या पंक्तीत बसते, आणि कलम 5 मोडून परवान्याशिवाय दारूगोळा बनवणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. स्फोटकांच्या बाजूने पाहिले तर ज्या संघटनेकडे परवाने आणि तपासणी असते ती पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना नागपूरलाच आहे. कायदा कडक आहे असे म्हणणाऱ्यांनी खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांतील जाड भिंतींच्या छोट्या खोल्या आणि एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या मालावरची मर्यादा डोळ्यांसमोर आणावी. वरच्या परिच्छेदांत सांगितलेली शिस्त घरोघर पाळली जाईल असे मानणे धाडसाचे ठरले असते.

बीड जिल्ह्यात 2024-25 च्या हिवाळ्यात शस्त्रपरवान्यांच्या संख्येवरून मोठी चर्चा झाली, हजाराहून अधिक परवाने असल्याचे समोर आले आणि प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्या चर्चेचा रोख कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांवर होता आणि तो रास्तही होता. पण ग्रामीण भागात परवान्याची दुसरी, जुनी परंपरा आहे ती पीकसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुकीची, जिचा उल्लेख शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात स्पष्टपणे आला आहे. रानडुकरे आणि हरणांचे कळप ज्वारी-हरभऱ्यात शिरतात तेव्हा आवाजाने त्यांना हुसकावण्यासाठी ती वापरली जाते आणि तिच्यात अजूनही तांब्याची टोपी बोटांनीच बसवावी लागते. म्हणून तिचे नियमही एन्फिल्डच्या काळातलेच आहेत : दारू आणि गज यांचे काम पूर्ण संपल्याशिवाय टोपी चढवायची नाही, चढवताना नळी माणसापासून दूर आणि घोडा पकडीत, टोप्यांची डबी दारूच्या डब्याजवळ नाही, आणि टोपी घट्ट बसत नसेल तर ती ठोकायची नाही, दुसरी घ्यायची. डुकरांसाठी पेरल्या जाणाऱ्या गावठी बॉम्बना मात्र असा कोणताच नियम लावता येत नाही. तिथे आघाताने फुटणारा पदार्थ उघड्यावर, वाट चुकलेल्या गाईच्या किंवा पोराच्या वाटेत ठेवलेला असतो आणि तो गुन्हाच आहे.

जुन्या वाड्यांत परवानाधारक आजोबा गेल्यावर मागे बंदूक राहते आणि पुष्कळदा कोनाड्यात किंवा ट्रंकेच्या तळाशी टोप्यांची गंजलेली पत्र्याची डबीही राहते. परवाना संपल्यावर शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा, असे अधिनियमाचे एकविसावे कलम सांगते. टोप्यांच्या बाबतीत त्याला एक व्यवहारी पुरवणी जोडावी लागते : झाकण गंजून बसले असेल तर ते पिळून किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकटून उघडू नये, डबी हलवून आत किती आहेत हे पाहू नये, ती मोटारसायकलच्या डिकीत टाकून ठाण्यापर्यंत नेऊ नये, ती असेल तिथेच राहू द्यावी, खोली बंद करावी आणि ठाण्याला फोन करून त्यांच्या माणसांना बोलवावे.